बुरूज, कागद आणि पायवाट

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, नेपल्सच्या दक्षिणेला, सोरेंतोचे द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या दक्षिण अंगाला पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत जी डोंगराळ किनारपट्टी आहे तिला अमाल्फीचा किनारा म्हणतात. १९९७ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. डोंगर थेट समुद्रात उतरतो. मधे सपाट जमीन जवळजवळ नाहीच. जी शेती आहे ती चुन्याविना रचलेल्या दगडी गडग्यांच्या आधाराने, पायऱ्यापायऱ्यांनी, माणसाने डोंगराकडून हिसकावून घेतलेली आहे.

या किनाऱ्यावर हिंडण्याची एक पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. वाटाड्या घ्यायचा नाही. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पुढे जाते. आपल्या हाती नकाशा, टिपणाचे चार कागद आणि पाठीवर पाणी. खडकांवर रंगवलेल्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या पाहत चालायचे. आम्ही तिघे मित्र असेच पाच दिवस ऑक्टोबर महिन्यात चाललो. मात्र हे प्रवासवर्णन नव्हे. त्या वाटांवर इतिहासाचे जे दोन वेगळे पाठ आम्हाला वाचायला मिळाले, ते वाचकांसमोर ठेवावेत एवढाच हेतू आहे.

प्रथम पायवाटेविषयी. आज किनाऱ्याच्या कडेने जो प्रसिद्ध वळणावळणाचा रस्ता आहे तो एकोणिसाव्या शतकात, बोर्बन राजांच्या काळात तयार झाला. त्याआधी गावागावांना जोडणारी साधने दोनच: होडी, आणि दगडी पायऱ्यांच्या वाटा. आपल्या कोकणात त्यांना पाखाडी म्हणतात. म्हणजे पर्यटक ज्याला आज निसर्गरम्य पायवाट म्हणतो ती खरे तर जुनी हमरस्ताच होती. माल, पत्रे, वराती आणि प्रेते तिच्यावरूनच गेली. आजही काही चढांवर बांधकामाचे सामान खेचरांच्या पाठीवरून जाते. बोमेरानो गावातून निघून नोचेल्लेपर्यंत जाणारी ‘देवांची वाट’ यांतली सर्वांत नावाजलेली. समुद्रापासून पाचसहाशे मीटर उंचीवरून ती जाते. समोर काप्री बेट दिसत असते. नोचेल्लेहून पोझितानोला उतरायला दीड हजाराच्या वर पायऱ्या आहेत. त्या उतरताना गुडघ्यांना इतिहासाची जाणीव चांगलीच होते.

या वाटेवरून खाली पाहिले की जवळपास प्रत्येक भूशिरावर एक बुरूज दिसतो. कोणी गोल, कोणी चौकोनी. एकावरून दुसरा दिसावा अशी त्यांची मांडणी. दिवसा धूर आणि रात्री जाळ करून एका बुरुजाने दुसऱ्याला इशारा द्यायचा. आमच्या टिपणात लिहिले होते: ‘सारासेनांपासून रक्षणासाठी.’ सारासेन म्हणजे मुसलमान. मुसलमान नावे असलेली आम्ही तीन माणसे ती ओळ वाचत उभी होतो.

ती ओळ खोटी नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात नेपल्सचे राज्य स्पेनच्या ताब्यात होते. पेद्रो दे तोलेदो या व्हाइसरॉयने बुरूज बांधण्यास चालना दिली आणि १५६३ नंतर त्यांची साखळी सर्व किनाऱ्यावर उभी करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याला कारण होते. १५४४ मध्ये खैरुद्दीन बार्बारोसाचे आरमार या बाजूला आले. २७ जूनला वादळ उठले व अमाल्फी वाचली. हा आपल्या संत आंद्रेयाचा चमत्कार, असे अमाल्फीकर मानतात आणि दरवर्षी त्या दिवशी त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन कॅथेड्रलच्या उंच पायऱ्या धावत चढतात. द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगावरचे सोरेंतो एवढे सुदैवी नव्हते. १५५८ च्या जूनमध्ये उस्मानी आरमाराने ते लुटले आणि तिथली बायकामुले, पुरुष गुलाम म्हणून नेले. ज्या आईचे मूल त्या गलबतातून गेले तिच्या दृष्टीने बुरूज हा पूर्वग्रह नव्हता. आपण मुसलमान आहोत म्हणून हे दुःख लहान करून सांगण्याचे आपल्याला कारण नाही.

परंतु पाटीवर जे लिहिलेले नसते तेही तितकेच खरे असते. सोळाव्या शतकातल्या उस्मानी आरमाराचा एक मोठा सेनानी उलुज अली हा जन्माने इटालियन होता, कालाब्रियातल्या किनाऱ्यावरचा. कोवळ्या वयात तो चाच्यांच्या हाती सापडला, वल्हे मारणारा गुलाम झाला, पुढे मुसलमान झाला आणि १५७१ च्या लेपांतोच्या लढाईनंतर सुलतानाच्या साऱ्या आरमाराचा प्रमुख झाला. ‘तुर्क आले’ म्हणून ज्यांच्या भीतीने लोक डोंगरात पळत, त्यांच्यात असे कितीतरी त्याच किनाऱ्यांचे पुत्र होते.

लुटीची दिशाही एकच नव्हती. १०८७ मध्ये पिसा आणि जिनोव्हाच्या आरमाराने ट्युनिशियातल्या महदिया शहरावर हल्ला करून ते लुटले, त्यात अमाल्फीकरही सामील होते. रावेल्लो या डोंगरमाथ्यावरच्या गावाचा एक व्यापारी बोकाच्चोने आपल्या ‘देकामेरोन’मध्ये रंगवला आहे. लांदोल्फो रूफोलो त्याचे नाव. धंद्यात बुडाल्यावर तो सरळ एक गलबत विकत घेतो आणि चाचेगिरी करू लागतो, तीही मुख्यतः तुर्कांविरुद्ध. गोष्ट कल्पित खरी, पण चौदाव्या शतकातल्या वाचकाला त्यात काही अशक्य वाटले नाही. कारण व्यापारी आणि चाचा यांच्यातली रेघ समुद्रावर फार पुसट होती, आणि ती धर्माने आखलेली नव्हती.

आता दुसरा पाठ. तो बुरुजांच्या आधीचा आहे आणि त्याला उंची नाही. तो पायाखाली शोधावा लागतो.

अमाल्फी हे आज चार-पाच हजार वस्तीचे गाव आहे. पण ८३९ साली ते लाँगोबार्द राजांच्या ताब्यातून सुटले, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे भूमध्य समुद्रावरची एक मोठी व्यापारी सत्ता म्हणून वावरले. जमीन नाही, पीक नाही. तेव्हा त्यांनी जहाजे बांधली आणि ज्या बाजूला संपत्ती होती त्या बाजूला, म्हणजे मुस्लिम जगाकडे, तोंड केले. ८४९ मध्ये ओस्तियाजवळ याच गावाची जहाजे मुस्लिम आरमाराविरुद्ध लढली. पण लवकरच त्यांनी मुसलमानांशी तह केला. पोप आठवा जॉन याने तो तह मोडावा म्हणून ८७० च्या दशकात पैसे देऊ केले, बहिष्काराचे अस्त्र उगारले. अमाल्फीकरांना व्यापार सोडवला नाही.

हे संबंध नेहमी सुखाचे होते असेही नाही. ९९६ मध्ये कैरोत फातिमी आरमाराला आग लागली. संशय अमाल्फीच्या व्यापाऱ्यांवर गेला आणि जमावाने त्यांच्यातल्या शंभराहून अधिकांना ठार केले. सरकारने बंदोबस्त करून दोषींना शिक्षा दिल्या, लुटलेला माल परत मिळवून देण्याचा प्रयत्न केला. आणि अमाल्फीचे व्यापारी पुन्हा गेले. पुढच्या शतकात त्याच फातिमी राजवटीच्या परवानगीने त्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा व रुग्णालय काढले. इतिहासाची थट्टा अशी की, याच रुग्णालयातून क्रुसेडनंतर हॉस्पिटलर नाइटांचा लढाऊ पंथ निर्माण झाला. १५३० पासून तो माल्टा बेटावर होता आणि तिथून मुस्लिम जहाजे लुटून माणसांना वल्ह्यांना जुंपत होता. म्हणजे बुरुजापलीकडच्या किनाऱ्यांवरही अशाच आया रडत होत्या.

अमाल्फीच्या टाकसाळीत तारी नावाचे सोन्याचे नाणे पडत असे. ते अरबी पाव दिनाराची नक्कल होते. मूळ नाण्यावर अरबी लिपीत कलमा असे. ख्रिस्ती गावात ती अक्षरेही नाण्यावर उतरवली जात. पुढे पुढे ती वाचता न येणारी नुसती नक्षी उरली, तरी ती काढून टाकली नाही. का? कारण त्या खुणेमुळेच बाजार नाण्यावर विश्वास ठेवत होता.

अमाल्फीच्या मागे एक घळ आहे, पाणचक्क्यांची घळ. गावातून चढत गेले की दोन्ही बाजूंना नेचे आणि शेवाळ चढलेली पडकी इमारती लागतात. हे जुने कागद कारखाने. कागदाची विद्या चीनहून आठव्या शतकात समरकंदला, तिथून बगदाद, दमास्कस, मग उत्तर आफ्रिका, सिसिली आणि स्पेन अशी आली. अमाल्फीकर ती अरबांकडून शिकले. चिंध्या कुजवायच्या, पाण्याच्या जोरावर उचलल्या जाणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कुटायच्या, लगदा चाळणीवर घ्यायचा. १२३१ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने हुकूम काढला की दस्तऐवज कागदावर न लिहिता चर्मपत्रावर लिहावेत. नवी वस्तू टिकेल असा राज्याला भरवसा नव्हता. कागद टिकला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कागद संग्रहालयात ते हातोडे आजही पाहता येतात.

मायोरीहून मिनोरीला जाणारी एक वाट लिंबांच्या बागांतून जाते. चेस्टनटच्या वाशांचे मांडव, त्यावर जाळ्या, आणि खाली लांबट, टोकदार लिंबे. रोमनांना लिंबू ठाऊक होते, पण श्रीमंतांच्या बागेतली नवलाई म्हणून. भूमध्य किनाऱ्यावर त्याची शेती वाढली ती मुस्लिम काळातल्या बागाइतीमुळे. फारसी लीमू, अरबी लैमून, इटालियन लिमोने आणि आपले लिंबू, ही सगळी एकाच घराण्यातली नावे आहेत.

शब्दांचे असेच आहे. इटालियनमध्ये जकातीला दोगाना म्हणतात. तो शब्द अरबी दीवानचा आणि आपल्याकडे दिवाणी कज्जे आहेतच. दरपत्रकाला तारिफ्फा. तो ज्या मुळातून आला त्याच मुळातून आपली तारीफ आली. पाचशे कागदांच्या गठ्ठ्याला ते रिझ्मा म्हणतात, मूळ अरबी रिझमा. आपल्या छापखान्यातले रीम इंग्रजीमार्गे तिथूनच आलेले आहे. अमाल्फीत जुन्या जहाजगोदीचे कमानदार दालन अजून उभे आहे. त्याचे नाव आर्सेनाले, म्हणजे दार-उस-सिनाआ, कारागिरीचे घर. ज्या गोदीत मुसलमानांशी लढायची जहाजे बांधली तिचे नावच अरबी!

कॅथेड्रलला लागून ‘स्वर्गाचे आवार’ आहे. १२६६ ते १२६८ या काळात आर्चबिशपने ते प्रतिष्ठितांच्या दफनासाठी बांधले. बारीक जोडखांब आणि त्यावर एकमेकींत गुंतलेल्या टोकदार कमानी. पालेर्मो किंवा माघ्रिबची वास्तू पाहिलेल्याला ती ओळख पटल्यावाचून राहत नाही. अमाल्फीच्या ख्रिस्ती सरदारांनी आपल्या शेवटच्या विश्रांतीसाठी ही कमान निवडली, कारण ती त्यांना सुंदर वाटली.

इब्न हौकल हा प्रवासी दहाव्या शतकात सिसिलीत आला होता. आपल्या भूगोलाच्या ग्रंथात तो लाँगोबार्दांच्या मुलखातले सर्वांत भरभराटीचे शहर म्हणून अमाल्फीचा गौरव करतो. याच ग्रंथात सैमूरचेही वर्णन आहे. सैमूर म्हणजे आपले चौल. तिथे बल्हारा, म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या राज्यात मुसलमान राहतात, त्यांच्या जामा मशिदी आहेत आणि त्यांच्यावर राजाने त्यांच्यातलाच अंमलदार नेमला आहे, असे तो नोंदवतो. एका ग्रंथात दोन बंदरे. एकात ख्रिस्ती व्यापारी मुस्लिम बाजारावर जगतात, दुसऱ्यात मुस्लिम व्यापारी हिंदू राजाच्या आश्रयाने नांदतात. त्या लेखकाला दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या वाटल्या, पण अजब वाटल्या नाहीत. अजब आपल्याला वाटतात, कारण आपण इतिहास बुरुजावरून पाहायला शिकलो.

आणि यात फक्त त्यांचाच दोष नाही. आपल्याकडेही बार्बारोसाचे गोडवे गाणारे पुष्कळ सापडतात. कागद कुटणाऱ्या, कलम करणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या मुसलमानाचे नाव मात्र कोणी घेत नाही. आपणही आपल्या पूर्वजांना बुरुजाच्याच बाजूने ओळखतो, फक्त समुद्रातून.

बुरूज पाडावेत असे आम्ही म्हणणार नाही. ते एका खऱ्या भीतीचे साक्षीदार आहेत, म्हणून राहावेत. त्यांतल्या काहींत आता हॉटेले आहेत, काहींत लोक राहतात. पण बुरूज हा आणीबाणीच्या दिवसांसाठी होता. पाखाडी, पाणचक्की, बाग आणि बाजार ही रोजच्या दिवसांसाठी होती, आणि आणीबाणीच्या दिवसांपेक्षा रोजचे दिवस फार अधिक होते. गाडीच्या काचेतून बुरूज तेवढे दिसतात. लिंबाच्या झाडाला पाटी नसते आणि पडक्या कारखान्याजवळ गाडी थांबत नाही. तिथे पायीच जावे लागते.