वत्सगुल्मचा क्रीडावास: उद्यानक्रीडेपासून चकतीच्या गोल्फपर्यंत

१/ वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून ते इतिहासाच्या पुस्तकात येते आणि बहुधा तिथेच थांबते. संस्कृत साहित्यात मात्र या नगराला आणखी एक ओळख आहे: मदनदेवाचा ‘क्रीडावास’, म्हणजे खेळण्याचे घर. हा धागा झाडीत खेळल्या जाणाऱ्या खेळांचा आहे. त्याचे एक टोक वत्सगुल्मच्या काळात आहे आणि दुसरे आजच्या दुर्लक्षित सार्वजनिक बागेत.

२/ आधी नावाकडे पाहू. ‘गुल्म’ म्हणजे झुडपांचा दाट पुंजका. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सैन्याची तुकडी किंवा समुदाय. स्थानिक माहात्म्य सांगते की वत्स ऋषींच्या तपोभूमीत देवांचा समुदाय जमला, म्हणून हे वत्सगुल्म. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीका मात्र वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांकडे बोट दाखवते. खरी व्युत्पत्ती कोणतीही असो, शहराच्या नावात झाडीची सावली आहे, हे विसरता येत नाही.

३/ इ.स.च्या चौथ्या शतकात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म शाखेची स्थापना केली. तो राजा होता, तसाच कवीही होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज संपूर्ण उपलब्ध नाही. नंतरच्या काव्यशास्त्रज्ञांनी केलेल्या उल्लेखांतून ते कळते. त्याचा विषय लक्षात ठेवण्याजोगा आहे: सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा. वाशीमच्या पहिल्या ज्ञात राजकवीने काव्य रचले, ते एका झाडावरून झालेल्या संघर्षाचे.

४/ वत्सगुल्म म्हणजेच वाशीम, हे केवळ ध्वनिसाम्यावर ठरलेले नाही. १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट सापडला. तो सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा असून त्याच्या ३७ व्या राज्यवर्षी वत्सगुल्म येथूनच दिलेला आहे. त्याची भाषा काही भागात संस्कृत, काही भागात प्राकृत. या एका पुराव्याने वाकाटकांची ही शाखा इतिहासात पक्की उभी राहिली. पुढे याच घराण्यातील हरिषेणाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले.

५/ आता खेळाकडे येऊ. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्मच्या राजघराण्यातील चालीरीतींचा ओझरता उल्लेख आहे. त्याच ग्रंथात नागरकाची, म्हणजे सुसंस्कृत शहरी पुरुषाची, दिनचर्या येते आणि तिच्यात उद्यानयात्रेला मानाचे स्थान आहे. सकाळी नटूनथटून, घोड्यावर बसून, मित्रपरिवारासह नगराबाहेरच्या बागेत जायचे, दिवस खेळात घालवायचा आणि दुपार कलल्यावर बागेची एखादी खूण सोबत घेऊन परतायचे, असा तो क्रम.

६/ वात्स्यायन पुढे खेळांची यादीच देतो. सहकारभंजिका: आंब्याची फळे तोडण्याचा खेळ. बिसखादिका: तळ्याकाठी कमळाचे देठ खाण्याचा. नवपत्रिका: पहिल्या पावसानंतर कोवळ्या पालवीने भरलेल्या रानात खेळण्याचा. उदकक्ष्वेडिका: बांबूच्या नळीतून पाणी उडविण्याचा. एकशाल्मली: फुललेल्या एकाच सावरीच्या झाडाभोवती, तिच्याच फुलांनी सजून खेळण्याचा.

७/ यादीतील एक खेळ आपल्या विषयाच्या अगदी जवळचा: कदंबयुद्ध. दोन पक्ष पडायचे आणि कदंबाच्या फुलांनी एकमेकांवर मारा करायचा. कदंबाचे फूल चेंडूसारखे गोल, भरीव आणि हातात मावणारे असते. नेम धरून फेकणे, झाडाच्या बुंध्याआड लपून मारा चुकविणे, पुन्हा फेकणे. खेळाचे साहित्य झाडानेच पुरवायचे आणि आडोसाही झाडानेच द्यायचा, असा हा सरळ व्यवहार होता.

८/ इथे सावध राहणे आवश्यक आहे. कामसूत्र हे वाशीमचे वर्णन नव्हे. हे खेळ वत्सगुल्मच्या बागांतच खेळले जात, असे सांगणारा पुरावा त्यात नाही. शिवाय उद्यानयात्रेचा नायक धनवान आहे. बागेची निगा राखणारा माळी त्या चित्रात जवळजवळ दिसतच नाही. ग्रंथातून एवढे निश्चित कळते: वत्सगुल्म ज्या नागर संस्कृतीला ठाऊक होते, तिच्यात झाडी ही खेळण्याची जागा होती आणि ऋतूप्रमाणे खेळ बदलत असत.

९/ ‘क्रीडावास’ हा शब्द नंतरचा. तो राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथातील. राजशेखराचा काळ नववे-दहावे शतक. त्याच्या रूपककथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू देशोदेशी फिरतात आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्व विवाह होतो. वाकाटकांची सत्ता जाऊन तेव्हा कित्येक शतके लोटली होती. सिंहासन गेले तरी आनंदाचे नगर ही कीर्ती टिकली.

१०/ ती उद्याने मात्र टिकली नाहीत. झाडी कोणाच्या आधाराने उभी राहते, हा इतिहासाचा जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रातील देवरायांना देवाचा धाक राखतो. राजाच्या बागेला राजाचा खजिना राखतो. नागपूरची तेलंगखेडी बाग, तुळशीबाग आणि महाराजबाग या भोसल्यांच्या बागा. त्यांतील महाराजबाग पुढे ब्रिटिश काळात शासनाकडे आली आणि आज ती सर्वांसाठी खुली आहे. वाशीमला पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिराचा परिसर श्रद्धेने राखला.

११/ सार्वजनिक बाग ही तिसरी आणि तुलनेने नवी कल्पना. मुंबईची राणीची बाग १८६० च्या दशकात लोकांसाठी उघडली; पुढे नगरपालिकांच्या बागा गावोगावी झाल्या. अशा बागेला देवाचा धाक नसतो आणि राजाचा खजिनाही नसतो. तिचा राखणदार एकच: तिथे रोज येणारा माणूस. तो यायचा थांबला की घाणेरी आणि गाजरगवत वाढते, दिवे फुटतात, वाटा बुजतात. मग भीतीने उरलेलेही येईनासे होतात. दुर्लक्ष हे असे स्वतःलाच वाढवत नेते.

१२/ मग खेळ आणून बाग राखता येईल का? ते खेळावर अवलंबून आहे. गोल्फचे उदाहरण पाहा. भारतात तो इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. या खेळाला विस्तीर्ण जमीन, कापलेले गवत, भरपूर पाणी आणि सभासदत्वाचे कुंपण लागते. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आज सर्वांचे आहे, तरी लोक त्याला अजून ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. एका बंदिस्त खेळाचे नाव खुल्या मैदानाला चिकटून राहिले आहे.

१३/ याच गोल्फला एका साध्या चकतीने कुंपणाबाहेर आणले. १९३७ मध्ये अमेरिकेत फ्रेड मॉरिसन या तरुणाने पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण गंमत म्हणून फेकले. पुढे समुद्रकिनारी तो केकची पसरट भांडी फेकण्यासाठी विकू लागला. पाच सेंटचे भांडे पंचवीस सेंटला जाई. त्यातून प्लॅस्टिकची चकती तयार झाली. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले. ते नाव कनेक्टिकटमधील फ्रिस्बी पाय कंपनीच्या, विद्यार्थी फेकत असलेल्या, पत्र्याच्या थाळ्यांवरून आले.

१४/ चकती ठरावीक लक्ष्याकडे फेकून गोल्फ खेळण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. कॅनडातील ब्लॅडवर्थ या गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले डब्यांची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून ‘टिन लिड गोल्फ’ खेळत. पण खेळाला कायमची जागा मिळाली ती १९७५ मध्ये. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क या सार्वजनिक बागेत एड हेड्रिक याने पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. बागेच्या नावातच ओकची राई आहे, हा योगायोग वत्सगुल्मची आठवण करून देणारा.

१५/ हेड्रिक हा व्हॅम-ओमध्येच काम करीत होता; चकतीच्या पाठीवर कडी उमटवून तिचे उड्डाण स्थिर करणारी सुधारणा त्याचीच. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावरून वाद होत. म्हणून त्याने खांबाभोवती साखळ्या आणि खाली जाळीची टोपली बसविली. १९७७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. साखळ्या वाजल्या आणि चकती टोपलीत पडली की वाद मिटला. २००२ मध्ये हेड्रिक वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थींची राख चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली.

१६/ खेळ समजायला सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक. चकती जिथे पडेल तिथून दुसरी. टोपलीपासून सर्वांत दूर असलेला खेळाडू आधी फेकतो. कमीत कमी फेकींत फेरी पूर्ण करणारा जिंकतो. मोकळ्या मैदानात ताकद चालते, झाडीत ती फारशी उपयोगी पडत नाही. गिरकीमुळे चकती हवेत स्थिर राहते. गिरकी मंदावू लागली की ती एका बाजूला कलते. हे वळण ओळखून दोन बुंध्यांमधल्या अरुंद फटीतून ती नेणे, हे खरे कौशल्य.

१७/ याचा बागेशी संबंध असा. गोल्फसाठी झाडे हटवावी लागतात, तर या खेळाला तीच हवी असतात. झाडच अडथळा आणि झाडच आखणी. गवत कापून गालिचा करण्याची गरज नाही, उंचसखल जमीनही चालते. खेळाडू एका टोपलीकडून दुसरीकडे चालत असल्याने बागेचा प्रत्येक कोपरा पायांखाली येतो. पायवाट पुन्हा उमटते. जिथे रोज चार माणसे वावरतात, तिथे कचरा नजरेत भरतो आणि वठलेल्या फांदीची तक्रारही कोणीतरी करतो.

१८/ याचे तोटेही सांगितले पाहिजेत. तीच ती चकती आदळून बुंध्याची साल जखमी होते. टोपलीभोवतीची माती तुडवून घट्ट होते आणि मुळांना पाणी मिळेनासे होते. फिरायला आलेली वृद्ध माणसे आणि खेळणारी लहान मुले यांच्या अंगावर चकती जाण्याचा धोका असतो. म्हणून जाणती माणसे टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलतात, कोवळ्या झाडांना आडोसा करतात आणि चालण्याच्या वाटेवरून फेक जाणार नाही अशी आखणी करतात. खेळ झाडीचा राखणदार होऊ शकतो. मर्यादा न पाळल्यास तो तिचा शत्रूही होतो.

१९/ वाशीम हा ब्रिटिश काळात काही दशके स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या गावाला कचेऱ्या, रस्ते आणि वसाहती लागतात. त्यांच्या गर्दीत बाग ही सर्वांत शेवटी आठवणारी गोष्ट. पण ज्या नगराची कीर्ती खेळाचे घर म्हणून झाली, तिथे हा विषय शोभेचा नाही. कामसूत्रातील उद्यान घोडा बाळगणाऱ्यांचे होते. नगरपालिकेची बाग कोणालाही दार उघडते. हा फरक मिळवायला दीड हजार वर्षे लागली. ती बाग ओस पडली, तर ती मिळकत हातची जाते.

२०/ वात्स्यायनाच्या यादीकडे शेवटी पुन्हा पाहावे. एकशाल्मली खेळायला फुललेली सावर हवी, कदंबयुद्धाला कदंब हवा, नवपत्रिकेला पावसाने हिरवे झालेले रान हवे. झाड गेले की खेळ जातो आणि खेळाचे नाव फक्त टीकाग्रंथात उरते. याच्या उलटही खरे आहे: खेळायला येणारे गेले की झाडाची गरज कोणाला वाटेनाशी होते. चकती असो, विटीदांडू असो की झाडावरचा सूरपारंब्या, जवळच्या बागेत जाऊन तो खेळणे ही वत्सगुल्मच्या क्रीडावासाची सर्वांत साधी जपणूक आहे.