डिझेल मोटारगाडी अचानक बंद पडणे

डिझेल मोटारगाडी अचानक बंद पडणे म्हणजे चालकाने किल्ली न फिरवता धावत्या गाडीचे इंजिन थांबणे व नेहमीच्या प्रयत्नाने पुन्हा सुरू न होणे. पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनात ठिणगीने इंधन पेटवले जात नाही. त्यामुळे निदान मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरते: इंजिन पुरेशा वेगाने फिरते का, सिलिंडरमधील हवा पुरेशी दाबली जाते का, आणि योग्य क्षणी पुरेशा दाबाचे इंधन आत पोहोचते का. या प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी वारंवार सेल्फ मारत राहिल्यास किरकोळ बिघाडाचे रूपांतर इंजिनाच्या मोडतोडीत होऊ शकते.

कार्यतत्त्व

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. त्याचे तत्त्व आजही कायम आहे. दट्ट्या (पिस्टन) सिलिंडरमधील हवा वेगाने दाबतो. त्यामुळे हवेचे तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळीने इंधन पुरवीत असे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारगाडीतून कॉमन रेल पद्धत प्रवासी गाड्यांत आली. या पद्धतीत सर्व नोझलना एकाच सामायिक नळीतून इंधन मिळते. पूर्ण भाराखाली तेथील दाब १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक असतो व फवारणीची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवतो. म्हणून आधुनिक डिझेल गाडी इंधनाअभावी बंद पडते, तशीच एखाद्या संवेदकाच्या (सेन्सर) बिघाडानेही बंद पडते.

तात्काळ घ्यावयाची दक्षता

इंजिन थांबताच ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य संपू लागते. साठलेल्या निर्वातावर ब्रेक दोन-तीन वेळाच हलका लागतो. सुकाणूही जड होते. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच ठामपणे दाबावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, अन्यथा सुकाणू कुलूपबंद होण्याचा धोका असतो. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन धोकादर्शक दिवे लावावेत व त्यानंतरच तपासणी सुरू करावी.

बंद पडण्याची तऱ्हा

इंजिन कसे थांबले, याची आठवण हा निदानातील पहिला पुरावा असतो.

• कळ बंद केल्याप्रमाणे क्षणात थांबले, तर विद्युत बिघाड, क्रँकशाफ्टचा संवेदक किंवा तुटलेला टायमिंग पट्टा यांचा संशय घ्यावा.
• गचके देत, ओढ कमी होत थांबले, तर इंधनपुरवठ्यात अडथळा किंवा हवा शिरल्याची शक्यता अधिक असते.
• आधी बॅटरीचा दिवा लागला व इतर दिवे मंद होत गेले, तर आल्टरनेटर निकामी होऊन बॅटरी उतरलेली असू शकते.
• तापमानदर्शक काटा चढला होता किंवा तेलाचा दिवा लागला होता, तर इंजिन जाम झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी सेल्फ मुळीच मारू नये.

सेल्फ मारल्यावरची लक्षणे

वरील धोक्याची लक्षणे नसतील, तर एकदाच आणि थोडा वेळ सेल्फ मारून निरीक्षण करावे.

केवळ टकटक आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर बॅटरीचा विद्युतदाब व तिच्या टोकांवरील जोडण्या पाहाव्यात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा स्थिर विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बॅटरी ठीक असूनही इंजिन फिरत नसेल, तर ते हाताने पाना लावून फिरते का हे कारागीर तपासतो.

इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही, असा अर्थ होतो. टायमिंग पट्टा तुटल्याचे हे प्रमुख लक्षण आहे.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरूनही सुरू होत नसेल, तर धूर पाहावा. पांढरट धूर येत असेल, तर इंधन आत जाते पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल, तर बहुधा इंधनच फवारले जात नाही.

इंधनपुरवठा

टाकीत डिझेल आहे का, हे प्रथम पाहावे. दर्शक काटा बिघडलेला असू शकतो. नुकतेच इंधन भरले असल्यास चुकून पेट्रोल भरले गेले का, हे पावतीवरून तपासावे. तसे झाले असल्यास पुन्हा सेल्फ न मारता टाकी रिकामी करून घ्यावी. डिझेल हेच उच्चदाब पंपाचे वंगण असल्याने पेट्रोलमुळे तो पंप झिजतो.

डिझेल गाळणी तुंबणे व तिच्यात पाणी साठणे ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. नळीच्या जोडातून हवा शिरल्यास पंप इंधन ओढू शकत नाही. याला बोलीत ‘एअर पकडणे’ म्हणतात. हातपंप असलेल्या गाड्यांत तो घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढता येते. कॉमन रेल इंजिन सुरू होण्यासाठी सामायिक नळीत साधारणतः २०० ते ३०० बार दाब तयार व्हावा लागतो. नोझलमधून परतीच्या मार्गाने जास्त इंधन निसटत असेल, तर तो दाब तयार होत नाही. गाळणीत धातूचा चकाकता कीस सापडल्यास उच्चदाब पंप झिजू लागल्याचे समजावे. अशा वेळी नुसती गाळणी बदलून भागत नाही.

विद्युत यंत्रणा व संवेदक

फ्यूज, मुख्य रिले व चोरीरोधक यंत्रणेचा दिवा तपासावा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांत इंधन रोखणाऱ्या विद्युत झडपेला १२ व्होल्ट मिळतात का, हे पाहणे पुरेसे ठरते. नव्या गाड्यांत क्रँकशाफ्टचा संवेदक निकामी झाला, तर नियंत्रकाला दट्ट्याची स्थिती कळत नाही व तो फवारणी थांबवतो. हा संवेदक अनेकदा तापल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो. त्यामुळे अर्ध्या-एक तासाने गाडी आपोआप सुरू झाली, तरी दोष दूर झाला असे मानू नये. अनेक गाड्यांत अशा वेळी सेल्फ मारताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हलत नाही. दोषवाचक यंत्रावर पी०३३५ हा संकेत या संवेदकाच्या मंडलाकडे, तर पी००८७ हा संकेत इंधनाच्या अपुऱ्या दाबाकडे निर्देश करतो. संकेत बिघाडाची दिशा दाखवतो. सुटा भाग बदलण्यापूर्वी तारा व जोडण्या तपासणे आवश्यक असते.

सेल्फ मारू नये अशा स्थिती

टायमिंग पट्टा तुटल्यास दट्टे व झडपा एकमेकांवर आदळू शकतात. गाडी ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास हे नुकसान वाढते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने इंजिन फिरवताच दट्ट्याचा जोडदांडा वाकतो. अशा वेळी हवेची गाळणी ओली आहे का, हे पाहावे. ती ओली असल्यास गाडी ओढून न्यावी.

सुरक्षितता

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत नोझलच्या नळीची नट सैल करून इंधन येते का, हे पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनावर ती कधीही वापरू नये. उच्चदाबाचा बारीक फवारा त्वचेतून आत शिरू शकतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. गळती हाताने चाचपून शोधू नये. ज्या इंजिनात ग्लो प्लग आहेत, त्यात ईथरयुक्त फवारा मारल्यास अकाली स्फोट होऊन इंजिन फुटू शकते.