सांधा क्रमांक १७

सुरत–भुसावळ मार्गावरच्या चिंचपाड्यासारख्या लहान स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा चालक हिरव्या दिव्यावर विसंबून असतो. तो दिवा कोणाच्या सांगण्यावरून हिरवा होतो, हे समजून घ्यायचं तर ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकातल्या रेल्वे अपघाताचा घटनाक्रम वाचायला हवा.

२०१८ : स्थानकाच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत, म्हणजे सिग्नलच्या तारा जोडलेल्या खोलीत, सर्किटमध्ये फेरबदल झाला. तारा हलल्या, त्यांच्यावरची नावं मात्र चुकीची राहिली.

सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) आणि फाटक योग्य स्थितीत असल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊ न देणं, म्हणजे इंटरलॉकिंग, हे काम पूर्वी दांडे, तारा आणि रिले करत. आता अनेक स्थानकांवर ते प्रोसेसर करतो, पण सांध्याची आणि फाटकाची खबर त्याच्यापर्यंत तांब्याच्या तारेतूनच येते. ठरलेल्या तारेत वीज आली, की ‘सांधा सरळ’ अशी नोंद होते. ती तार खरोखर त्याच सांध्याची आहे का, हे प्रोसेसरला कळायला मार्ग नसतो.

१६ मे २०२२ : बहानगा बाजार ज्या खरगपूर रेल्वे विभागात येतं, त्याच विभागात, बांकरानयाबाज इथे, चुकीच्या जोडणीमुळे सिग्नल एका मार्गाचा आणि गाडीची वाट दुसरी, असा प्रकार घडला. तेव्हाच सगळ्या गुमट्या तपासायला हव्या होत्या.

२ जून २०२३, दुपारनंतर : फाटक क्रमांक ९४ चा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचं काम. सीबीआयने पुढे न्यायालयात सांगितलं, की त्यासाठी आराखडा वापरला तो फाटक क्रमांक ७९ चा. असं काम उरकल्यावर सांधा दोन्हीकडे फिरवायचा, एकाने रुळाशी उभं राहून तो प्रत्यक्ष बघायचा, दुसऱ्याने पॅनेलवरची खूण बघायची आणि दोघांनी ताडून घ्यायचं. ही चाचणी नीट झाली असती तर तारांच्या जोडणीतली गफलत तिथेच उघडी पडली असती.

३.२० : शालिमारहून कोरोमंडल एक्सप्रेस सुटण्याची वेळ.

साडेसहाच्या सुमारास : कोरोमंडल बालासोरला. पुढे बहानगा बाजारच्या अप लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर, लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. क्रॉसओव्हर १७, म्हणजे मुख्य मार्गावरून लूपकडे नेणारा सांधा, लूपकडे वळलेला, पण प्रोसेसरच्या लेखी सरळ. त्यामुळे मुख्य मार्गाचा होम सिग्नल, म्हणजे स्थानकात शिरू देणारा दिवा, हिरवा.

६.५५ च्या सुमारास : वेगमर्यादा १३०, गाडीचा वेग ताशी सुमारे १२८ किलोमीटर. चालकाची कसलीच चूक नव्हती. गाडी लूपमध्ये शिरली आणि मालगाडीवर आदळली. खनिजाच्या वजनामुळे मालगाडी जागची हलली नाही, सगळा आघात कोरोमंडलच्या डब्यांनी सोसला. त्याच वेळी डाउन लाइनवरून यशवंतपूर–हावडा एक्सप्रेस जात होती. उसळलेले डबे तिच्या शेवटच्या डब्यांवर गेले.

२९० हून अधिक माणसं गेली. त्यांतल्या २८ जणांना न्यायला कोणीच आलं नाही. त्यांच्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर महापालिकेने अंत्यसंस्कार केले.