मुद्रेचे वाचन आणि वंशविषयक पूर्वग्रह : कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यांच्या संदर्भात

चार्ल्स डार्विन यांनी 1867 मध्ये सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली निरनिराळ्या देशांतील मिशनरी, अधिकारी इत्यादींकडे धाडली. राग, लज्जा, तिरस्कार हे भाव सर्व मानववंशांत एकाच मुद्रेने प्रकट होतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. उत्तरे स्मृतीवर विसंबून देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्ह्यात असताना एच. अर्स्किन यांनी या कामी लक्ष घातले. परंतु युरोपियनांसमोर लोक आपले भाव लपवितात, त्यामुळे खात्रीचा निष्कर्ष काढणे कठीण आहे, असे त्यांना आढळले. डार्विन यांच्या 1872 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही नोंद आहे. पाहणाऱ्याच्या उपस्थितीने मुद्राच बदलते, ही तीमधील मोलाची कबुली होय.

दहाच वर्षांनी सरकारी ग्रंथांतून हे भान नाहीसे झालेले दिसते. कर्जत तालुका व खालापूर पेटा त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या ठाणे गॅझेटियरात (1882) कातकऱ्यांचा काळा वर्ण व सडपातळ बांधा सांगता सांगता त्यांच्या शीलाविषयीही सरसकट निवाडा दिलेला आहे. त्याच डोंगरांतील ठाकरांना मात्र सचोटीचे प्रशस्तिपत्र मिळते. या भेदाचे मूळ वंशात नसून परिस्थितीत शोधावयास हवे. ठाकरांच्या हाती थोडीबहुत शेती होती. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा 1878 च्या वन कायद्यानंतर आक्रसत गेला आणि ते मजुरीकडे लोटले गेले. उचल घेतलेल्या मजुराने ठेकेदारासमोर मान खाली घातली, तर ते भय असेल, थकवा असेल वा केवळ रीतही असेल. वाचणाऱ्याने तिचा अर्थ अपराध असा लावला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

हा दोष केवळ साहेबाचा मानणे मात्र बरोबर नव्हे. खाली वळलेली नजर घरच्या सुनेची असली तर आपण तिला मर्यादशील म्हणतो. मजुराची असली तर चोरटी म्हणतो. येथे विशेषण मुद्रेवरून ठरत नाही, ते आधीच ठरलेले असते.

अलीकडील संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. माणसास स्वसमूहाच्या चेहऱ्यांवरील भाव अधिक अचूक ओळखता येतात, परंतु परस्परसंपर्काने हा फरक कमी होतो, असे एल्फेनबाइन व अंबाडी यांनी 2002 मध्ये अनेक अभ्यासांच्या तौलनिक परीक्षणातून दाखविले. 2003 मध्ये ह्यूगेनबर्ग व बोडेनहाउझेन यांना असे आढळले की, ज्या श्वेतवर्णी अमेरिकनांच्या मनात सुप्त पूर्वग्रह अधिक, त्यांना कृष्णवर्णी चेहऱ्यावरील राग अधिक काळ टिकून राहिल्यासारखा भासतो.

ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) कातकरी बोलीची नोंद झाली. मुद्रांची नोंद करणाऱ्यांनी तिचा आधार घेतला नाही. आज कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर जाणाऱ्या अभ्यासकाने निरीक्षण कोणी, कोणासमोर व कोणत्या बोलीत केले, हे प्रथम लिहावे. मुद्रेचा अर्थ ज्याची मुद्रा त्यालाच त्याच्या बोलीत विचारावा; त्यावाचून केलेली नोंद ही कातकऱ्याविषयीची नव्हे, नोंदकर्त्याविषयीची समजावी.