विंडोज इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही? व्हर्च्युअल मशीनमधली ही अडचण अशी सोडवा

व्हर्च्युअल मशीन तयार केलं, त्याला ६४ जीबीची डिस्क दिली आणि विंडोजचं इन्स्टॉलेशन सुरू केलं. पण डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामीच! अशा वेळी अनेकजण मशीन डिलीट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याची गरज नसते. डिस्क जागेवरच असते, विंडोजला ती ओळखता येत नसते.

असं का होतं?

प्रॉक्समॉक्स किंवा केव्हीएमवर वेगासाठी ‘व्हर्टआयओ’ प्रकारची डिस्क वापरली जाते. लिनक्समध्ये तिचे ड्रायव्हर २००८ पासून आहेत. म्हणूनच त्याच मशीनवर उबुंटू सहज इन्स्टॉल होतं. विंडोजच्या आयएसओ फाइलमध्ये मात्र हे ड्रायव्हर नसतात.

काय करायचं?

१. आधी मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क खरंच जोडलेली आहे ना आणि ती कोणत्या प्रकारची आहे, ते पाहा.

२. फेडोरा प्रकल्पाकडून मोफत मिळणारी ‘व्हर्टआयओ-विन’ आयएसओ डाउनलोड करा आणि दुसरा सीडी ड्राइव्ह म्हणून जोडा. विंडोजची आयएसओ काढू नका.

३. त्या रिकाम्या यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ आणि मग ‘ब्राउझ’ निवडा. डिस्क ‘स्कझी’ प्रकारची असेल तर ‘व्हिओस्कझी’ फोल्डर उघडा, ‘व्हर्टआयओ ब्लॉक’ असेल तर ‘व्हिओस्टोर’.

४. त्यात आपल्या विंडोजचं फोल्डर, म्हणजे ‘डब्ल्यू१०’ किंवा ‘डब्ल्यू११’, आणि त्याच्या आत ‘एएमडी६४’ निवडा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच फोल्डर लागतं. हे ६४-बिटचं नाव आहे, कंपनीचं नाही.

ड्रायव्हर लोड झाला की यादीत रिकामी जागा दिसू लागते. तिथून पुढचं काम नेहमीसारखंच. नेटवर्कही व्हर्टआयओचं असेल, तर ‘नेटकेव्हीएम’ ड्रायव्हरही लोड करा. नाहीतर विंडोज ११ सेटअपमध्ये इंटरनेट मागत अडून बसतं.

व्हीएमवेअरमध्ये ‘पॅराव्हर्च्युअल स्कझी’ निवडल्यावर हीच अडचण येऊ शकते. तिथे ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्सच्या आयएसओमध्ये मिळतो.

शॉर्टकट आहे, पण जपून

डिस्क ‘साटा’ प्रकारची केली तर विंडोजला ती लगेच दिसते, कारण साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. वेग मात्र कमी मिळू शकतो. नंतर तीच डिस्क थेट व्हर्टआयओवर नेली, तर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा एरर देत विंडोज सुरूच होत नाही. असं झालं तर घाबरू नका. डिस्क परत साटावर आणा, डेटा सहसा शाबूत असतो. मग १ जीबीची दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर इन्स्टॉल करा आणि मशीन बंद करून त्यानंतरच मुख्य डिस्कचा प्रकार बदला. बूट ऑर्डरमध्ये तिचं नाव पहिलं आहे ना, हेही तपासा.