सोनी आणि डिजिटल ग्राहकांचे हक्क

दुकानातून आणलेली कॅसेट ग्राहकाच्या मालकीची असते. ती कितीदा ऐकावी, कुणाला द्यावी, हे दुकानदार ठरवत नाही. गाणी, चित्रपट आणि खेळ डिजिटल स्वरूपात विकले जाऊ लागल्यावर मात्र विक्रीनंतरही विक्रेत्याचा ताबा कायम राहू लागला. सोनी ही जपानी कंपनी उपकरणेही बनवते आणि त्यांवरील करमणुकीचा मालही विकते. त्यामुळे तिच्याबाबतीत हा वाद वारंवार उद्भवला.

सीडीतील छुपी आज्ञावली

सोनी आणि जर्मनीची बर्टल्समान यांच्या भागीदारीतील 'सोनी बीएमजी'ने २००५ मध्ये अमेरिकेत काही सीडींवर 'एक्ससीपी' ही नक्कलविरोधी आज्ञावली घातली. सीडी विंडोज संगणकात घालून त्यावरील प्लेअर स्वीकारला, की ती संगणकात ठाण मांडत असे आणि स्वतःला दडवून ठेवत असे. संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हा प्रकार उघडकीस आणला. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल ही आज्ञावली लपवत असल्याने व्हायरस पसरवणाऱ्यांचेही फावले. संतापाची लाट उसळताच कंपनीने ५२ अल्बमच्या सीडी परत मागवल्या. टेक्सास राज्याने खटला भरला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार सीडी बदलून देणे आणि संगणकाच्या नुकसानीपोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई देणे कंपनीला मान्य करावे लागले.

दिलेली सुविधा काढून घेतली

'प्लेस्टेशन ३' या खेळयंत्रावर लिनक्स चालवण्याची सोय होती. सुरक्षेचे कारण देत १ एप्रिल २०१० रोजी सोनीने एका अद्ययावतीकरणाद्वारे ती काढून टाकली. ते नाकारणाऱ्यांना ऑनलाइन खेळाला मुकावे लागणार होते. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या दोन सुविधांपैकी एकीवर पाणी सोडणे भागच होते. ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. तो २०१८ मध्ये मिटला तेव्हा पात्र ग्राहकाला कमाल ६५ डॉलर देण्याचे ठरले.

'विकत घेतले' म्हणजे काय?

सोनीने ऑनलाइन दुकानातून विकलेले स्टुडिओकॅनालचे शेकडो चित्रपट ऑगस्ट २०२२ अखेर जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ग्राहकांच्या संग्रहातून हटवले जातील, असे जाहीर झाले. कारण होते हक्कधारकाशी असलेल्या कराराचे. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या मालिकांबाबतही तशीच सूचना निघाली. त्यात एक हजाराहून अधिक मालिका-भाग संचांचा समावेश होता. टीकेची झोड उठल्यावर नवा करार झाला आणि ग्राहकांना किमान ३० महिने मुदत मिळाली. कायमची मालकी मात्र मिळाली नाही.

अटींच्या बारीक अक्षरांत ग्राहकाला केवळ वापराचा परवाना दिलेला असतो. बटणावर मात्र 'खरेदी' असे लिहिलेले असते. या विसंगतीवर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला. माल परवान्यापुरताच मिळतो हे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास १ जानेवारी २०२५ पासून तेथे मनाई आहे. कायमस्वरूपी उतरवून ठेवता येणारा माल यातून वगळलेला आहे. परवाना रद्द होण्यास मात्र हा कायदा प्रतिबंध करत नाही. ग्राहकाला आधी कल्पना दिली जावी, एवढीच त्याची हमी आहे.