हरवलेली मुखपृष्ठे

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात आले. येथील मराठी वाचकाचे ग्रंथांसाठी मुंबई-पुण्याकडे पाहणे मात्र सुटले नाही. नव्या पुस्तकाची पहिली ओळख घडे ती मुखपृष्ठावरून, आणि पुष्कळदा ते दीनानाथ दलालांचे (१९१६–१९७१) असे. मूळ गोव्याचे दलाल मुंबईत ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ चालवीत. १९४५ पासून ‘दीपावली’ही काढीत. मुखपृष्ठे, कथाचित्रे, दिनदर्शिका हे पोटाचे काम त्यांनी कलेच्याच निष्ठेने केले. आम्ही ग्रंथालयवाल्यांनी मात्र पक्की बांधणी करताना तीच मुखपृष्ठे काढून टाकली. तशा एका ठरावावर माझीही सही आहे. आज कपाटात काळ्या कापडी पाठी दिसतात. आत, बारीक टाइपात, ‘मुखपृष्ठ : दलाल’ एवढी ओळ उरली आहे.